जपून ठेवलेली खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. जुनी म्हणजे नुसती वयाने. वापराचे म्हणाल, तर सुरुवातीचे थोडे दिवस वगळता मी अजून कोरी करकरीत आहे. नव्या टायरच्या कडेला रबराचे बारीक केस असतात, ते तुम्ही पाहिले असतील. चाक रस्त्याला लागले की ते हळूहळू झडून जातात. माझे बरेचसे केस अजून शाबूत आहेत. मित्रांनो, मला याची लाज वाटते असे सांगितले तर तुम्हाला हसू येईल. हसा बापडे. पण आधी माझी हकिकत ऐकून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे ऐसपैस खुर्च्या पुष्कळ बनत. मी मात्र मुद्दाम अंग चोरून बनवलेली, लहान घरांसाठी आणि अरुंद दारांसाठी. माझ्या नळ्या वाकवणाऱ्या मिस्त्रींना माझ्यापायी फार त्रास झाला. एवढ्याशा जागेत माणूस तर मावला पाहिजे, आणि त्याचे कोपर चौकटीला घासता कामा नये! त्यांनी मला जोडले, सोडवले आणि पुन्हा जोडले. शेवटी ते स्वतःच माझ्यात बसले, हातांनी चाके फिरवत ऑफिसच्या दारातून आत शिरले आणि थेट मालकांच्या टेबलापुढे जाऊन थांबले. "साहेब, ही आता कुठे अडायची नाही," ते म्हणाले. मला तो आशीर्वादच वाटला.

तिथून मी आले ती रुग्णसाहित्य केंद्रात. केंद्र म्हणजे वाचनालयाच्या मागची एक लांबट खोली. घरी आजारी माणूस असेल त्याने यावे, लागेल ती वस्तू न्यावी आणि काम झाले की परत आणून द्यावी, असा तिथला साधा कारभार. कुबड्या, वॉकर, पाठीचे टेकू, कमोडच्या खुर्च्या असे आम्ही सगळे दाटीवाटीने राहत होतो. सामानाची नेआण बघणारे गृहस्थ पूर्वी बसवर कंडक्टर होते आणि सगळे त्यांना अजूनही कंडक्टरच म्हणत. एखादा वॉकर वाटेत आला तरी ते सवयीने म्हणायचे, "चला, पुढे सरका!" केंद्राचा कारभार मोठ्या बाईंच्या हाती होता. त्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. उशीच्या अभ्र्याला सुरकुती दिसली तरी त्यांचा जीव खालीवर होई. बाई मनाने फार चांगल्या, पण वरच्या माणसाचा शब्द म्हणजे त्यांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ.

आमच्या शहरात एक रीत होती. महापौरपदी जो कोणी येई, तो शहरातल्या चार संस्थांना आपल्या म्हणून जवळ करी. त्यांच्यासाठी लोकांपुढे शब्द टाकी, त्यांच्या कार्यक्रमांना जातीने जाई. त्या वेळच्या महापौरबाई पूर्वी शाळेत कवायत शिकवत. चालणे भरभर, बोलणे भरभर आणि हसणे खळखळून. त्यांनी म्हाताऱ्या माणसांना घरपोच डबे देणारे मंडळ घेतले, अंधांना पुस्तके वाचून दाखवणारा गट घेतला, भटक्या कुत्र्यांचे आश्रयघर घेतले, आणि चौथे आमचे केंद्र. त्यांच्या खटपटीतून केंद्रात आलेली पहिली वस्तू म्हणजे मी.

मला सर्वांत आधी नेले ते पेंटरकाकांच्या घरी. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा काकांचा धंदा. अर्ध्या शहराच्या कपाळावर त्यांचा हात फिरलेला होता. एका पाटीच्या वेळी शिडी सरकली, काका खाली आले, आणि त्यांचे दोन्ही पाय कायमचे गेले. त्यांचे घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचे. काका आणि त्यांचे थोरले भाऊ वेगळे झाले तेव्हा घराबरोबर दाराचीही वाटणी झाली होती. दोन फळ्यांच्या रुंद दाराच्या मधोमध भिंत उभी राहिली. एक फळी यांची, एक फळी त्यांची. भांडण भावाभावांचे, पण आडवे होऊन आतबाहेर करायचे ते दोन्ही घरच्या बायकांनी! केंद्रातली दुसरी कुठलीही खुर्ची त्या अर्ध्या दारातून जात नव्हती. मी गेले. दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून गेले.

किती दिवसांनी काका बाहेर आले होते! ते एकदम म्हणाले, "अगं, समोरच्यानं भिंतीला हा हिरवा फासलाय? कुणी सांगितलं त्याला?" काकूंना हसू आवरेना. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमची स्वारी निघू लागली. काकू मागून ढकलत, काका पुढे बसून शहराची झाडाझडती घेत. ही पाटी माझी. ती माझी नाही, ते अक्षर बघ, पोट सुटलंय त्याचं. इथली माझी होती, मेल्यांनी काढून प्लास्टिकची लावली. आतून दिवे लागणाऱ्या प्लास्टिकच्या पाट्या तेव्हा नुकत्याच येऊ लागल्या होत्या. एकेक दुकान काकांच्या हातून निसटत चालले होते.

काकांना एकच गोष्ट मनापासून हवी होती. बाजाराच्या रस्त्यावर छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचे दुकान होते. तिथली पाटी ही त्यांच्या हातची पहिली. अक्षरांशेजारी त्यांनी उघडी काळी छत्री काढली होती आणि तिला दिली होती लालभडक मूठ. "मूठ कधी लाल असते का?" दुकानदार कुरकुरला होता. "नसू दे. लांबून दिसेल," तेव्हाच्या तरण्याबांड काकांनी ऐकवले होते. ती लाल मूठ अजून लांबून दिसते का, हे त्यांना एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचे होते. पण बाजाराचा रस्ता तेव्हा नळ टाकायला उकरून ठेवलेला. "बुजवू दे त्यांना, मग पहिल्यांदा तिकडेच जाऊ," काकू म्हणाल्या. मी मनातल्या मनात चाके सरसावून बसले.

याच दिवसांत काकांनी एक गोष्ट केली. ती त्यांनी केली नसती तर बरे झाले असते, असे मला पुढे हजारदा वाटले. पण करताना त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता! महापौरबाई केंद्राला भेट द्यायला येणार आणि काकांनाही बोलावणे आहे, असा निरोप आला. फुकट मिळालेल्या खुर्चीची परतफेड कशी करावी, या विचाराने काका बेचैन होते. त्यांनी काकूंना रंगाचे जुने डबे काढायला लावले. स्वतः पलंगावर बसले, मला पाठमोरी जवळ ओढले आणि माझ्या काळ्या पाठीवर अक्षरे रंगवली. पिवळी अक्षरे, त्यांना लाल सावली आणि खाली एक बारीक वेलबुट्टी. 'महापौरांकडून सप्रेम भेट.' रंग वाळेपर्यंत त्यांनी मला कुणाला शिवू दिले नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पाठीवरून असा मायेने हात फिरला की खुर्चीलाही बरे वाटते.

महापौरबाई आल्या, काकांशी हात जोडून बोलल्या आणि मग त्यांची नजर माझ्या पाठीकडे गेली. "अगंबाई, काय सुरेख अक्षर! हे तुम्ही केलंत?" त्यांनी टाळ्याच वाजवल्या. दारात गाडी उभी होती, पुढे कुत्र्यांच्या आश्रयघरात जायचे होते. जाता जाता त्या मागे वळून मोठ्या बाईंना म्हणाल्या, "जपून ठेवा हं ही!"

आपणही सहज असे म्हणतो. पाहुण्यांकडे सुंदर वस्तू दिसली की म्हणतो आणि विसरून जातो. महापौरबाईही गाडीत बसेपर्यंत विसरल्या असतील. मोठ्या बाई मात्र विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टर एक जुनी रुंद खुर्ची ढकलत काकांच्या दारात आले. मान खाली घालून म्हणाले, "बाई म्हणतात, ती केंद्रातच राहू द्या. रस्त्यावर फिरवली तर अक्षरं जातील. महापौरांनी जपून ठेवायला सांगितलीय ना! ही घ्या बदली."

काकांचे दोन्ही हात माझ्या चाकांवर होते. ते त्यांनी हळूच काढून मांडीवर ठेवले. "त्यांनीच दिलेली आहे. न्या," ते म्हणाले. आत पलंगावर नेऊन बसवेपर्यंत त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले नाही. मी ओरडले असते हो, पण ओरडायला तोंड कुठे होते? माझा ब्रेकसुद्धा दुसऱ्याच्या हाताने लागतो आणि दुसऱ्याच्या हाताने सुटतो. कंडक्टरनी तो सोडला आणि मी मुकाट्याने चालू लागले.

काकू केंद्रात आल्या त्या थोड्याच दिवसांनी. कपाळावरचा घाम पुसत त्या म्हणाल्या, "बाई, ती रुंद खुर्ची दारातून आत येत नाही. हे पुन्हा घरात अडकून पडलेत."

"दार थोडं मोठं करून घेता नाही येणार?" मोठ्या बाईंनी अगदी कळकळीने विचारले.

"उरलेलं दार दिरांकडे आहे," काकू म्हणाल्या. "ते ही भिंत हलवू देतात होय! मागची पाटी झाकून ठेवीन मी, ओरखडा उठू देणार नाही. पण ती खुर्ची द्या."

"तुमचं दुःख मला का कळत नाही?" बाईंचे डोळे खरोखरच भरून आले. "पण उद्या महापौर आल्या आणि विचारलं, कुठाय ती खुर्ची, तर मी काय सांगू? मी त्यांना विचारून बघते."

बाईंनी कधी विचारले नाही. मोठ्या माणसाला एवढ्याशा गोष्टीसाठी त्रास द्यायचा नाही, असे त्यांचे मत होते. माझ्यावर जाड प्लास्टिकचे आवरण चढले. केंद्रात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते वर उचलून माझी पाठ दाखवत आणि सगळे वाहवा करत. कुणाची आई पाय मोडून घरी पडलेली असे, कुणाच्या वडिलांना उन्हात बसायचे असे, ते खुर्ची मागायला येत आणि माझ्याकडे बोट दाखवत. कंडक्टर म्हणत, "ती महापौरांची. चला, इकडची बघा." मी प्लास्टिकच्या आतून बघत राही. माझ्या अंगात त्या सगळ्यांना नेण्याचे बळ होते, पण ते मी कुणाला दाखवणार?

मग दर वर्षी वर्धापनदिनाचा कार्यक्रम होऊ लागला. पहिल्या देणगीची आठवण म्हणून महापौरबाईंच्या हस्ते पुन्हा खुर्ची देण्याचा समारंभ. खुर्ची कोणती? मीच. घेणारे कोण? पेंटरकाकाच. दोन तगडी माणसे काकांना हातांवर उचलून त्या अर्ध्या दारातून आडवे बाहेर काढत, गाडीत घालत, सभागृहात आणत आणि व्यासपीठावर मला बसवत. चुकले, मला नव्हे, माझ्यावर काकांना बसवत. इतक्यांदा माझेच कौतुक ऐकले की बोलतानाही असे उलटे होते. महापौरबाई माझ्या पाठीवर हात ठेवून फोटो काढून घेत आणि वाकून प्रेमाने विचारत, "चालते ना नीट?"

"उत्तम," काका म्हणत.

एका वर्षी काकूंनी मनाचा हिय्या केला. त्या व्यासपीठाच्या पायऱ्या चढून वर आल्या. "बाई, जरा बोलायचं होतं," त्यांनी तोंड उघडले, तोच निवेदकाने आभार सुरू केले, टाळ्या पडल्या, आणि काकांनी काकूंचा हात घट्ट दाबून धरला. महापौरबाईंना डबेवाल्या मंडळाकडे जायला उशीर झाला होता. त्या काकूंकडे बघून हसल्या, नमस्कार केला आणि निघाल्या. काकू पायऱ्या उतरून खाली आल्या.

कार्यक्रम संपला की काका कंडक्टरना हळूच म्हणत, "जाताना बाजाराच्या रस्त्यानं नेतोस का रे? आता बुजलाय म्हणतात रस्ता. मी हिच्यात बसलोच आहे."

"आज गाडी परत द्यायचीय हो काका. पुढच्या खेपेला नक्की," कंडक्टर म्हणत. मग काका उचलले जात आणि मी रिकामी होत असे. माझ्या गादीला त्यांच्या अंगाची ऊब थोडा वेळ राही. पुन्हा प्लास्टिक.

महापौरबाईंची मुदत संपली. नवे महापौर आले, त्यांनी रीतीप्रमाणे आपल्या चार संस्था निवडल्या. झाडे लावणारे, तळी साफ करणारे, असे कोण कोण. त्यात वाईट काहीच नव्हते. पण आमच्या केंद्राचे कार्यक्रम थांबले आणि वर्षातून एकदा काका माझ्यावर बसत, तेही थांबले. आवरणावर धूळ साचली. आता मी 'जुन्या महापौरांची खुर्ची' झाले. कंडक्टर येता जाता मला "पुढे सरका" म्हणेनासे झाले, कारण मी वाटेत येतच नव्हते.

एके दुपारी दारात ओळखीचा आवाज आला. आमच्या जुन्या महापौरबाईच होत्या. त्यांचा एक पाय प्लास्टरमध्ये होता, वॉकर न्यायला त्या स्वतः आल्या होत्या. त्यांची ती भरभर चाल पार गेली होती. वॉकर आणेपर्यंत टेकायला म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या माझ्या आवरणावर हात ठेवला आणि मग ते वर केले.

"ही इथे कशी? ते पेंटरकाका...?" बोलता बोलता त्यांचे बोट माझ्या टायरवर गेले. रबराच्या केसांवरून ते पुढे मागे फिरले. "ही तर चाललेलीच नाही."

"आपणच म्हणाला होतात, जपून ठेवा," मोठ्या बाई अभिमानाने म्हणाल्या. "बघा, एक ओरखडा नाही."

"मी म्हणाले होते?" महापौरबाईंनी विचारले. त्यांना खरेच आठवत नव्हते. मग कंडक्टरना राहवले नाही. भिंतीकडे बघत त्यांनी अर्ध्या दाराची सगळी कथा सांगून टाकली. मोठ्या बाई मटकन बाकावर बसल्या. कोणी कोणाला दोष दिला नाही. महापौरबाई एवढेच म्हणाल्या, "चला. आत्ताच्या आत्ता."

कंडक्टर मला रस्त्याने ढकलत निघाले, मागून गाडीत त्या. जवळचा म्हणून कंडक्टरनी बाजाराचाच रस्ता धरला. मित्रांनो, किती वर्षांनी माझ्या चाकांखाली खडे आले! मी डोळे भरून बघत होते. पाटीमागून पाटी, सगळ्या प्लास्टिकच्या. आणि मग एका पानपट्टीच्या वर, पत्र्याच्या छपराखाली अर्धवट झाकलेली ती दिसली. अक्षरे उडाली होती. छत्री राखाडी झाली होती. पण मूठ लाल होती. फिकट झाली होती, पण चांगली लांबून दिसत होती. कंडक्टर आपल्याच विचारात पुढे चालले होते.

काकांच्या दाराबाहेर ती रुंद खुर्ची उभी होती. तिच्यावर कपडे वाळत घातले होते. काकूंनी दार उघडले, मला पाहिले आणि पदर तोंडाला लावला. मी त्या अर्ध्या दारातून आत गेले. दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून, पूर्वीसारखीच, कुठेही न अडता.

"आता नाही हो बसवत त्यांना," काकू म्हणाल्या. "पाठच गेली. डॉक्टर म्हणालेत, आडवंच ठेवायचं."

काका पलंगावर सपाट पडून होते. हात तेवढे हलत होते. त्यांनी मला जवळ घ्यायला सांगितले आणि पाठीवरच्या अक्षरांवरून बोटे फिरवली. "हे वेलांटीचं वळण जरा घाईत गेलं होतं," ते म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत?" महापौरबाई दाराला टेकून रडत होत्या. "मी दर वर्षी विचारत होते."

"तुम्ही किती आनंदानं विचारायचात," काका म्हणाले. "एवढ्या लोकांसमोर तुम्हाला नाही कसं म्हणायचं?"

मग त्यांनी मान वळवून कंडक्टरकडे पाहिले. "बाजाराच्या रस्त्यानं आलास ना? छत्रीवाल्याची पाटी आहे का रे? मूठ लाल आहे का अजून?"

कंडक्टर गोंधळले. "पाटी... मी नीट बघितलं नाही हो काका. पुढच्या खेपेला नक्की बघून सांगतो."

मी बघितले होते! मी अगदी नीट बघितले होते. माझा कण न् कण ओरडत होता, आणि मी त्यांच्या हाताशी चिडीचूप उभी होते.

आता मी याच घरात असते. काकू माझ्यावर बसून काकांना चमच्याने भरवतात. दमल्या की माझ्या पाठीला डोके टेकतात. माझा ब्रेक लावलेला असतो. ज्या दारासाठी मी जन्मले, त्यातून काकांना पुन्हा बाहेर न्यायचे ते राहूनच गेले. मोठ्या बाई रोज येऊन चादरी बदलून जातात, आणि केंद्रात म्हणे आता कुठल्याच खुर्चीवर आवरण नसते. कंडक्टर अजून बाजाराकडे फिरकलेले दिसत नाहीत. म्हणतात, बायकोची तब्येत बरी नाही, आज जातो, उद्या जातो.

मित्रांनो, कोणाला काही द्याल तर ते झिजू द्या. त्याचे रंग उडू द्या. आणि चालते ना नीट, हे विचारायचे असेल तर व्यासपीठावर नका विचारू, त्याच्या घरी जाऊन विचारा. आणखी एक विनंती आहे. मला बोलता येत नाही, तुम्हाला येते. तुमच्यापैकी कोणी या बाजूला आलात, तर अर्ध्या दाराच्या घरात डोकावा आणि पलंगावरच्या म्हाताऱ्या माणसाच्या कानाशी वाकून एवढेच सांगा, की काका, मूठ अजून लाल आहे. पण लवकर या.